खडूची चौकट

धोटेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आमचा कुत्रा बघायला, आणि तासभर बसले तरी त्यांनी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी कुत्र्याबद्दल सांगते, म्हणजे आमची बाजू किती लंगडी होती ते कळेल. सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं तेव्हा ते त्याच्या दोन तळव्यांत मावत होतं. म्हणून नाव ठेवलं टिल्लू. आठ महिन्यांत टिल्लू तीस किलोंचा झाला आणि नाव बदलायची वेळ निघून गेली. त्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. नवं लग्न, पुण्याहून थेट भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये येऊन पडलेली मी, चार मराठी बायका ओळखीच्या व्हाव्यात एवढाच हेतू. सुहासच्या साहेबांच्या बायकोला पहिला मान. मी त्यांच्या कपाळाला कुंकू टेकवलं, आणि टिल्लूनं मागच्या दारातून येऊन, दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर ठेवून, ते अत्यंत प्रेमानं चाटून साफ केलं. मग त्यानं तिळगुळाच्या ताटाकडे मोर्चा वळवला. बायका पलंगावर चढल्या. साहेबांची बायको जमिनीवर बसून होती, कारण तिला उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुहास कारखान्यातून परत आला तो एक नाव घेऊनच. "इन्स्पेक्शनमध्ये धोटे म्हणून आहेत. त्यांना बोलावू या, नाहीतर कुत्र्याला तरी पाठवू या, नाहीतर माझी तरी बदली होईल."

धोटेकाका मूळचे वर्ध्याकडचे. उंच, वाळके, पाठ ताठ. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतला होता. त्यांच्या बुशशर्टाला खाली दोन खिसे असत. उजव्या खिशात खडू, कारण चुकलेल्या मालावर फुली मारायची ती खडूनं. डाव्या खिशात फुटाणे. टाउनशिपमधले सगळे कुत्रे त्यांच्या डाव्या खिशावर जीव टाकत आणि सगळी माणसं उजव्या खिशाला भीत.

तर ते आले. टिल्लू त्यांच्या अंगावर झेपावला. काका भिंतीसारखे उभे राहिले, छताकडे बघत. टिल्लूनं पुन्हा उडी मारली. पुन्हा छत. पाचव्या-सहाव्या उडीनंतर टिल्लूला स्वतःचीच लाज वाटली असावी, तो खाली बसला. त्याबरोबर काकांच्या डाव्या खिशातून एक फुटाणा त्याच्यापुढे पडला. कोणी टाकला, केव्हा टाकला, आम्हाला दिसलंसुद्धा नाही. मग काकांनी आमची उलटतपासणी सुरू केली.

"चपला कुठं काढता?"

"दारात... म्हणजे जिथं निघतील तिथं," मी म्हणाले.

"त्याला जेवायला कोण देतं?"

"दोघंही."

"म्हणजे दोनदा जेवतो. या घरात मोठ्यानं कोण बोलतं?"

सुहासनं माझ्याकडे पाहिलं. मी सुहासकडे पाहिलं. टिल्लूनं मात्र, मी पैज लावून सांगते, थेट माझ्याकडे पाहिलं.

काकांनी चहा संपवला, कप बशीत उपडा घातला आणि निकाल दिला. "कुत्रा पास. घर नापास."

त्यानंतरचे दोन महिने त्यांनी टिल्लूला फारसं काही शिकवलं नाही. शिकवलं आम्हाला. त्यांचा एक सिद्धान्त होता: कुत्रा बिघडत नाही, घर बिघडतं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. सांगायचं हळू आवाजात आणि एकदाच. "दुसऱ्यांदा म्हटलं की ती विनंती होते, सूनबाई. तिसऱ्यांदा म्हटलं की तमाशा." ते मला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणत. त्यांची खरी सून पुण्याला होती, आणि तिला ही हाक ऐकायची संधी वर्षातून एखाद्या वेळी मिळे.

फिरायला नेताना कुत्र्यानं साखळी ओढली की आपण झाड व्हायचं. म्हणजे जिथं असू तिथं गपकन उभं राहायचं. रागवायचं नाही, ओढायचं नाही, बोलायचं नाही. साखळी सैल झाली की चालायला लागायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी सुहास दूध आणायला टिल्लूला घेऊन गेला तो पाऊण तासानं परत आला, दुधाशिवाय. आमच्या फाटकापासून तिसऱ्या विजेच्या खांबापर्यंतच पोचला होता. तेव्हा काकांचे शिष्य टाउनशिपभर झाले होते, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर जागोजाग इंजिनियर आणि अकाउंटंट पुतळ्यांसारखे उभे दिसत. आनंद नगरचा भाजीवाला हातगाडी थांबवून विचारी, "क्यों साहब, आज फिर स्टैच्यू?"

आणि दुसरा नियम घरी येण्याचा. पाचचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून स्कूटरींचा लोंढा सुटे, आणि त्याबरोबर क्वार्टर-क्वार्टरमधून कुत्र्यांचा आनंद फुटे. काकांनी तो बंद केला. घरात यायचं, चपला जागेवर काढायच्या, हातपाय धुवायचे, पाणी प्यायचं. पाच मिनिटं कुत्र्याकडे बघायचंसुद्धा नाही. "येणं-जाणं ही बातमी नव्हे," काका म्हणत. "तुम्ही बातमी केली की तो बोंबलणारच." महिन्याभरात टिल्लू शांत झाला. सुहासही झाला. तो घरात येऊन माझ्याकडेही पाच मिनिटं बघेना. विचारलं तर म्हणाला, "सवय लागली ग."

आणि चौकट. ही काकांची खास करामत. त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत एक कोपरा शोधायला अर्धा रविवार घेतला. उकिडवे बसून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, मग उजव्या खिशातला खडू काढून फरशीवर एक लांबट चौकट आखली. "ही त्याची जागा. इथून त्याला सगळे दिसतात आणि तो आडवा कोणालाच येत नाही. घरात राहायचं तर अशी जागा सापडली पाहिजे. कुत्र्याला काय अन् माणसाला काय." पाहुणे आले, जेवणं चालली, कोणी दार वाजवलं, की टिल्लूनं चौकटीत जायचं. खडू रोज पुसला जाई, मी रोज पुन्हा आखी. महिन्यानं आखायची सोडली. खडू गेला, चौकट राहिली. पुढच्या संक्रांतीला साहेबांची बायको आली, तेव्हा टिल्लू मोकळ्या फरशीवर, नसलेल्या रेघांच्या आत, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखा बसून होता. बाई म्हणाल्या, "अगंबाई, कुत्रा बदललात वाटतं!"

काकांची स्वतःची कुत्री गोदा. फिक्या साखरेच्या रंगाची, जाड मानेची, टाउनशिपमधल्या सगळ्या लॅब्रॅडॉरांची मुख्याध्यापिका. तिला काकूंनी आणलं होतं. काकू मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं. "हिनं फार लाडावून ठेवली होती," काका फोटोकडे मान करून सांगत. "पलंगावर काय घ्यायची, ताटातलं काय द्यायची! सुधारायला मला वर्ष लागलं." गोदा खरोखरच सुधारली होती. तिच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवून काका आंघोळीला जात. ती तुकड्याकडे न बघता, म्हणजे अगदी निश्चयानं दुसरीकडे बघत, ते "घे" म्हणेपर्यंत बसे. तिच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबे, तेवढीच काय ती बेशिस्त.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका खुर्चीत नव्हते. खुर्ची रिकामी आणि काका फरशीवर, खडूच्या चौकटीच्या आत, गोदाच्या शेजारी पाय पसरून बसलेले. गोदाचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि काका तिला वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगत होते. मी खाकरले. ते दचकले नाहीत. चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तपासत होतो. इथून स्वयंपाकघर नीट दिसतं का ते."

"दिसतं का?"

"दिसतं," ते म्हणाले, आणि उठायला त्यांना बराच वेळ लागला.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी काका सगळ्यात जास्त नावाजले गेले आणि जिला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

टाउनशिपमध्ये कोणीच कायमचं नसतं. नोकरी संपली की काही महिन्यांत क्वार्टर सोडायचं. देखभाल खात्याचा माणूस यादी घेऊन येतो: पंखे इतके, नळ इतके, दारांच्या कड्या इतक्या. आंब्याचं झाड तुम्ही लावलेलं असलं तरी ते राहतं. लोक लखनौला, नागपूरला, कोचीला मुलांच्या नाहीतर स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये जातात, आणि कुत्रे मागं राहतात. काका नवीन नोकरीला लागले त्या वर्षी एक काळा कुत्रा सामानाच्या ट्रकमागे रायसेन रोडपर्यंत धावत गेला होता. तो परत आला नाही. काका त्याला आणायला गेले होते आणि त्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला पुरलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. म्हणून ते कुत्र्यांना निरोपाचा सराव देत. क्वार्टर ज्याला मिळणार त्या नव्या माणसाला आधीपासून बोलावून घेत. त्याच्या हातानं जेवण, त्याच्या हातात साखळी. जुन्या मालकानं निघून जायचं, मागं वळून पाहायचं नाही, आणि कुत्र्यानं चौकटीत बसून राहायचं. दहा पावलं, मग फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत.

समोरचे सक्सेनाजी निघाले तेव्हा मी ते पाहिलं. त्यांचा ब्राउनी नव्या कुटुंबाकडे राहणार होता. ट्रक भरला. सक्सेनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "धोटेजी, बस एक बार गले लगा लूँ इसे?"

"बहनजी, आपके लिए लगाना है कि उसके लिए?"

त्या वळल्या. ट्रकमध्ये बसल्या. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. ब्राउनी ओट्यावर, खडूच्या रेघांच्या आत, शेपूट पायांशी घेऊन बसला होता. हूं नाही, चूं नाही. काकांनी त्याच्यापुढे फुटाणा टाकला, त्यानं तो तसाच राहू दिला. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं ना, मीही.

मग काकांचीच वेळ आली.

त्यांचा मुलगा नितीन आणि सून प्राची पुण्यात चौथ्या मजल्यावर राहत होते. काकांनी तिथं जायचं हे ठरलेलंच होतं. एकटा माणूस, दुसरं कुठं जाणार? गोदाही जाणार हे काकांच्या मनात इतकं ठरलेलं होतं, की नितीनला ते वेगळं सांगायला हवं हेच त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांचा फोन तोवर बंद झाला होता, म्हणून ते आमच्याकडे आले. मी भाजी निवडत होते. कान निवडत नव्हते.

"नितीन, मी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला निघतो. गोदाला आणतोय." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. उभे होते. पाठ ताठ. "हो... हो. चौथा मजला, माहीत आहे मला. प्राचीला शिंका येतात, बरं... बरं. ठेवतो."

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बघू म्हणाला."

"बघू म्हणजे नाही नव्हे! पुन्हा करा फोन. सांगा त्याला, तिच्याशिवाय मला करमणार नाही म्हणून."

"एकदा सांगितलं ना."

"काका, मुलगा आहे तो तुमचा. टिल्लू नाही."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा काय म्हणू? विनंती करू? अन् तिसऱ्यांदा तमाशा? स्वतःच्या पोरापुढं?"

दारात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, ते अंगणाकडे बोट करून म्हणाले, "टिल्लूला सोबत झाली असती तशी. जागा आहे तुमच्याकडं."

हे मी विसरले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "सुहासला विचारते हं." विचारलं. सुहास म्हणाला, "दोन-दोन? आणि आपली बदली झाली म्हणजे?" मी पडद्याच्या रंगावरून त्याच्याशी आठ दिवस भांडलेली बाई आहे. त्या दिवशी मी पाच मिनिटंही भांडले नाही. मनात म्हटलं, काका पुन्हा विचारतील, मग जोर लावू. काका पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी गोदाला घेऊन आमच्या फाटकावरून गेले. साखळी सैल, दोघं एका चालीत. हात वर करत, "काय सूनबाई" म्हणत, आणि पुढं जात. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना येत नव्हतं आणि पहिल्यांदा विचारलेलं मी ऐकलं नव्हतं असं मी दाखवत होते.

नेहरू नगरचे तिवारीजी गोदाला न्यायला तयार झाले. शाळेतून निवृत्त झालेले, नवरा-बायको दोघंच, मोठं अंगण. माणसं सोन्यासारखी. काकांनी त्यांनाही सराव दिला, तीन रविवार. दर वेळी गोदा पास.

निघायच्या दिवशी सकाळी तिवारीजी गाडी घेऊन आले. गल्ली गोळा झाली, कारण मुख्याध्यापिकेचा निरोप होता. काकांनी गोदाला "बस" म्हटलं, ती चौकटीत बसली. त्यांनी साखळी तिवारीजींच्या हातात दिली आणि चार पावलं मागं सरकले. तिवारीजी हळू आवाजात, एकदाच, म्हणाले, "चल." गोदा उठली. ओट्याच्या दोन पायऱ्या, अंगण, फाटक. साखळी पूर्ण वेळ सैल, पाळण्याच्या दोरीसारखी झुलती. गाडीचं दार उघडलं, ती चढली, वळली, बसली. मागं पाहिलं नाही. फाटकाशी कोणीतरी म्हणालं, "क्या डिसिप्लिन है, वाह!" आणि टाळ्या पडल्या. ह्या वेळी मी वाजवल्या नाहीत, पण त्यानं काय होतं.

मी काकांकडे पाहत होते. ते झाड झाले होते. साखळी त्यांच्या हातात नव्हती, तरी ते अगदी तसेच उभे होते, जसं कुत्र्यानं ओढलं की आम्हाला उभं राहायला शिकवलं होतं. गाडी गेली. भाजीवाला आला आणि गेला. लोक पांगले. मग ते आत गेले, बादलीत फडकं भिजवलं आणि चौकट पुसायला बसले. खडूच्या रेघा लगेच गेल्या. आतली फरशी मात्र इतक्या वर्षांच्या बसण्यानं गुळगुळीत आणि बाहेरच्यापेक्षा काळपट झाली होती. ती जाईना. ते घासत राहिले.

"काका, राहू द्या. यादीत नाही ते," मी म्हणाले. माझा स्वभाव, नको तिथं विनोद.

त्यांनी वर पाहिलं. "काहून ओढलं नाही हो तिनं? एकदा तरी ओढायचं. मी काही म्हटलं नसतं."

मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं. दुसरं काय करणार होते?

पुढच्या आठवड्यात मी स्कूटरवरून नेहरू नगरला गेले. गोदानं माझे हात हुंगले, दोन्ही, मग पदर हुंगला, मग माझ्या पावलावर हनुवटी ठेवून डोळे मिटले. तिवारीबाईंनी तिला गादी केली होती, बाजूला पितळेचं पातेलं भरून पाणी. "बहुत शांत है," त्या म्हणाल्या. "कोई तकलीफ़ नहीं देती. बस शाम को पाँच बजे दरवाज़े पर जाकर बैठ जाती है. पता नहीं क्यों." नेहरू नगरात कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही. मी त्यांना कारण सांगितलं नाही. आणि मी पुन्हा गेलेही नाही. वर्षानं तिवारीजींकडून ती गेल्याचं कळलं. शांतपणेच गेली म्हणे.

काकांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, सहा वर्षांनी. भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. आनंद नगरच्या बाजारातून फुटाण्यांची मोठी पुडी बांधून नेली होती, नितीनचा पत्ता शोधून काढला आणि न कळवता जाऊन उभी राहिले. दार प्राचीनं उघडलं. मी तिच्याशी भांडायचं मनात घेऊनच गेले होते, हे कबूल करते. पण ती हसरी, दमलेली, बोलकी मुलगी निघाली. ओल्या हातानंच मला आत ओढलं, चहा टाकला, लाडू काढले. ती वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं!

"बाबांचा काही म्हणजे काही त्रास नाही हो," ती स्वयंपाकघरातून सांगत होती. "इतके शहाणे आहेत! माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझे सासरे घरात आहेत हे कळतसुद्धा नाही."

काका बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर बसले होते. वाळकेच होते, आणखी वाळले होते. पाठ ताठ. मला पाहून त्यांचे डोळे मोठे झाले, पण ते उठले नाहीत, की हाक मारली नाही. मी चपला काढल्या, हात धुतले, पाणी प्याले. पाच मिनिटं झाल्यावर ते म्हणाले, "या सूनबाई." मी हसले. स्वयंपाकघरात प्राचीचं बोलणं क्षणभर थांबलं, तिला वाटलं आपल्यालाच हाक मारली.

मी फुटाण्यांची पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सोडली, हुंगली, चारसहा दाणे तळहातावर घेतले. तेवढ्यात प्राची चहा घेऊन आली. "बाबा, आता नको हं, जेवायला बसायचंय." त्यांनी दाणे पुडीत परत टाकले आणि पुडी स्टुलावर ठेवली. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. अगदी निश्चयानं.

माझी नजर खाली गेली. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढऱ्या खुणा होत्या.

"ते होय?" प्राची म्हणाली. "कामवाल्या बाई पुसताना खुर्ची सरकवतात ना, मग बाबांना चैन पडत नाही. म्हणून त्यांनीच खुणा करून ठेवल्यात. खडूसुद्धा त्यांच्याच खिशातला!" आणि ती कौतुकानं हसली.

ती आत गेल्यावर काका माझ्याकडे थोडे वाकले. "जागा बरोबर आहे. इथून सगळे दिसतात."

"आणि आडवं कोणाला येत नाही," मी म्हणाले.

"हं."

माझ्या जिभेला हाड नाही. विचारलंच. "मग काका, तपासणी झाली का ह्या घराची?"

"झाली."

"आणि?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "घर पास."

मला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. मी वाट पाहिली. ते खिडकीकडे बघत राहिले. गोदाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. ते दोन्ही मी आजवर भोगते आहे.

निघताना मी नमस्कार केला. "जा," ते म्हणाले. "मागं पाहू नका." प्राचीनं दार उघडं धरलं. "पुन्हा या हं, बाबांना बरं वाटतं कोणी आलं की," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत पळाली. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट कुठंतरी खाली अडकली होती. उघड्या दारातून मला काकांची खुर्ची सरळ दिसत होती, आणि त्यांना मी. इतकं अवघड उभं राहणं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी केलं नाही. मी पाठ फिरवली. झाड झाले.

लिफ्ट आली. मी आत शिरले, दार सरकायला लागलं, आणि तेवढ्यात मागं फरशीवर लाकूड जोरानं घासल्याचा आवाज आला. खुर्ची खुणांच्या बाहेर गेल्याचा.

"बाबा, बसा," आतून प्राचीचा आवाज आला. हळू, प्रेमाचा.

तिनं एकदाच सांगितलं. खुर्ची परत सरकली.